गाइड डॉगचं पिल्लू घरी वाढवायचंय? यूकेतल्या मराठी घरांसाठी, अगदी पहिल्यापासून

यूकेत मुलं असलेल्या मराठी घरात हा विषय कधी ना कधी निघतोच, मुलांना कुत्रा हवा असतो, आईबाबांना बारा-चौदा वर्षांची जबाबदारी झेपेल का याची काळजी असते, आणि मग ओळखीतलं कुणीतरी सुचवतं की अहो गाइड डॉग्जचं पिल्लू घ्या ना, वर्षभर सांभाळायचं आणि परत द्यायचं, खाणं-व्हेट सगळं त्यांच्या खर्चाने. माहिती बरोबर आहे, पण एवढ्यावर फॉर्म भरू नका प्लीज. ते पिल्लू मोठं झाल्यावर एखाद्या अंध किंवा खूपच कमी दिसणाऱ्या माणसाला रोज बसस्टॉपवर, ऑफिसला, मुलांच्या शाळेत घेऊन जाणार असतं, आणि हे काम ते बरीच वर्षं करतं. त्या माणसाचे दिवस सोपे जाणार की अवघड, याचा मोठा भाग तुमच्या किचनमध्ये आणि तुमच्या गल्लीत ठरतो. आम्ही रेडिंगला राहतो, हे काम करणाऱ्या गाइड डॉग्ज या संस्थेचं मुख्य ऑफिस इथून जवळच बर्गफील्ड कॉमनला आहे, आणि पिल्लं वाढवायला लागल्यापासून ओळखीचे बरेच लोक विचारतात की नक्की काय काय करावं लागतं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. रस्ता ओलांडायला, अडथळे चुकवायला, हार्नेस (मालक धरतो तो दांडीचा पट्टा) घालून चालायला आपण शिकवायचं नसतं, ते नंतर संस्थेचे ट्रेनर शिकवतात. आपलं काम त्याच्या आधीचं: जगाला न घाबरणारं, माणसांवर विश्वास असणारं, घरात शांत बसणारं आणि स्वच्छ सवयींचं कुत्रं तयार करणं. यूकेतले पहिले चार गाइड डॉग्ज १९३१ मध्ये लिव्हरपूलजवळच्या वॉलसीला तयार झाले, ज्युडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा, सगळ्या जर्मन शेफर्ड, आणि म्युरिएल क्रुक आणि रोझमंड बाँड या दोघींनी ते काम उभं केलं. तेव्हा आणि नंतरही बरीच वर्षं मोठी झालेली कुत्री लोकांकडून मिळायची, त्यातली पुष्कळशी कामाला चालायची नाहीत कारण लहानपणी त्यांनी ट्रॅफिक, गर्दी, अनोळखी घरं काही पाहिलेलं नसायचं. १९५६ पासून पिल्लं लहानपणीच घरोघरी वाढवायला द्यायला लागले. आपण जे करतो त्याचं कारण हे आहे.

आणि एक प्रश्न सतत डोक्यात ठेवायचा, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे: ही सवय, जिला दिसत नाही अशा व्यक्तीच्या घरी चालेल का?

फॉर्म भरायच्या आधी

घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून बोला. वय १८ पूर्ण हवं, घराला किंवा घराजवळ कुंपणाची सुरक्षित मोकळी जागा हवी, आणि दिवसातला बराच वेळ कुणीतरी घरी हवं. पिल्लाला तीन-चार तासांपेक्षा जास्त एकटं ठेवायचं नाही, आणि सुरुवातीला तर त्याहून खूपच कमी. दोघंही पाच दिवस ऑफिसला जात असाल तर हे आत्ता तुमच्यासाठी नाही, वर्क फ्रॉम होम असेल तर जमतं, पण पहिले काही आठवडे मीटिंगच्या मधेमधे उठून बागेत जावं लागणार आहे हे मॅनेजरला आधीच सांगून ठेवा.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या, तोंडी नको. व्हिसाबद्दल बरेच जण विचारतात, स्किल्ड वर्कर व्हिसावर बिनपगारी स्वयंसेवा करता येते, बाकी व्हिसावाल्यांनी आपल्या अटी स्वतः वाचून घ्या. सहा महिन्यांसाठी आईबाबा भारतातून येणार असतील तर त्यांनाही आधी विचारा. कुत्र्याची भीती असणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत आणि त्यात त्यांची काही चूक नसते, रस्त्यावरच्या कुत्र्यांचे अनुभव असतात. पण ज्या घरात एक माणूस सतत दचकून पाय वर घेतंय तिथे पिल्लूही दचकायला शिकतं.

डिसेंबरात भारतात जायचं असेल तर पिल्लाला दुसऱ्या स्वयंसेवकाकडे ठेवायची सोय संस्था करते, फक्त तारखा खूप आधी कळवायच्या. आल्यापासूनचे पहिले दोन-तीन महिने मात्र कुठे जायचं ठेवू नका, तो काळ परत मिळत नाही.

फॉर्मनंतर फोनवर बोलणं, घर बघायला भेट, मग ट्रेनिंग असं होतं. घर बघायला येतात तेव्हा घर चकाचक दाखवायची गरज नाही, खरं काय आहे ते दाखवा आणि खरं टाइमटेबल सांगा. नंतर तुमच्या भागाचा सुपरवायझर नेमून देतात, त्याचा नंबर हाताशी ठेवायचा आणि छोट्या गोष्टीलाही विचारायचं, त्यासाठीच तो असतो.

घराची तयारी

बेबी गेट, वायरी वर बांधणं, चपला-बूट कपाटात, हे कुठेही वाचायला मिळेल. आपल्या घरातल्या गोष्टी कुणी लिहीत नाही त्या सांगते.

देवघर खाली, चौरंगावर असेल तर वर हलवा किंवा त्या खोलीला गेट लावा. तुपात भिजलेली कापसाची वात पिल्लाला खाऊच वाटते आणि ती गिळली तर आतड्यात अडकू शकते. प्रसादात बेदाणे असतात, शिऱ्यात असतात, चिवड्यात असतात, आणि द्राक्षं, बेदाणे, मनुका या कुत्र्यासाठी विष आहेत, किडनी निकामी होऊ शकते आणि किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नसतो, म्हणून एक जरी खाल्ला तरी वाट न बघता व्हेटला फोन. कांदा आणि लसूण रक्तातल्या लाल पेशींना मारक, म्हणजे आपली जवळजवळ प्रत्येक भाजी, आमटी, चटणी बाद. चॉकलेट आणि शुगर-फ्री गोळ्यांमधलं झायलिटॉल हेही तसंच धोक्याचं. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन उशाशी ठेवायची सवय असेल तर मोडा. आजी-आजोबा असतील तर त्यांच्या रोजच्या गोळ्यांचा डबा उंचावर.

पिल्लाची झोपायची जागा, क्रेट (जाळीचा पिंजरा) किंवा पेन (छोटं कुंपण), किचनच्या कोपऱ्यात जिथे घरातले आवाज ऐकू येतील पण पाय लागणार नाही अशी निवडा. सामान बहुतेक सगळं संस्थेकडून येतं, पट्टा, लीड, वाट्या, फूड, खेळणी. पोस्टात छान छान खेळणी मागवायची घाई करू नका, काय चालतं ते संस्थेची लोकं सांगतात.

पहिले काही दिवस

पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं येतं, बहुतेक लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा दोघांचं क्रॉस, आणि नाव ठेवूनच येतं, एका वेताच्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून असतात. त्या संध्याकाळी मित्रमंडळींना बोलवू नका. आई-भावंडांपासून ते आजच सुटलंय. खाऊ घाला, बागेत न्या, झोपू द्या.

पहिल्या रात्री ते रडणार. वेगळ्या खोलीत दार लावून रडू द्यायचं हे जुनं झालं, जवळ झोपा, सोफ्यावर किंवा खाली गादी टाकून, आणि हळूहळू काही रात्रींत लांब सरका. रात्री शू लागली तर उचलून बागेत, काम झालं की परत आत, खेळ नाही, गप्पा नाहीत.

शी-शूच्या सवयीला संस्थेतली लोकं स्पेंडिंग म्हणतात आणि मला विचाराल तर वाढवणाऱ्याचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. पिल्लू उठलं की, खाल्लं की, खेळलं की लगेच बागेतल्या ठरलेल्या एकाच जागी लीडवर न्यायचं, शांत उभं राहायचं, आणि ते करायला लागलं की हळू आवाजात बिझी बिझी म्हणायचं, झालं की शाबासकी आणि खाऊचा एक दाणा. काही आठवड्यांनी उलटं होतं, आपण बिझी म्हटलं की ते करतं. आता विचार करा, दिसत नसलेल्या माणसाला शी उचलायची आहे, कुठे केलीय हे त्याला कसं कळणार? कुत्रा लीडवर, ठरलेल्या जागी, सांगितल्यावर, आणि बाहेर पडायच्या आधी करत असेल तरच तो माणूस निर्धास्तपणे ऑफिसला जाऊ शकतो. फिरायला गेल्यावर कुठेही करू देणं आपल्याला सोपं वाटतं पण ती सवय त्या माणसाच्या रोजच्या रस्त्यावर जाते. म्हणून पावसात, थंडीत, सकाळच्या अंधारात, आधी बागेत बिझी, मग फिरणं. घरात सांडलं तर ओरडायचं नाही, पुसायचं आणि पुढच्या वेळी लवकर न्यायचं, बस.

खाणं

रोजचं फूड ग्रॅममध्ये मोजून द्यायचं, आणि ट्रेनिंगचे दाणेही त्याच मापातून काढायचे. लॅब्राडोर कधीच पोट भरलंय असं दाखवत नाही, त्याच्या डोळ्यांकडे बघून माप वाढवू नका, वाढत्या सांध्यांवर वजन येतं. खायच्या आधी शिट्टी वाजवायची आणि मग वाटी खाली, म्हणजे शिट्टी म्हणजे चांगली गोष्ट हे इतकं पक्कं होतं की मोठेपणी मैदानात मोकळं सोडल्यावर शिट्टी ऐकली की ते धावत येतं. मालकाला कुत्रा कुठे गेलाय हे दिसत नसतं, शिट्टी हाच त्याचा आधार.

आपल्या ताटातलं काहीही नाही. पोळीचा तुकडा नाही, साधा दहीभात नाही. आईला हे सगळ्यात जड जातं, घरातलं बाळ समोर बसून बघतंय आणि आपण एकटेच खातोय हे आपल्या संस्कारात बसत नाही, आणि मला तिची तगमग पूर्ण समजते. पण ताटातलं मिळालेलं कुत्रं रेस्टॉरंटमध्ये टेबलाखाली शांत झोपत नाही आणि फुटपाथवर पडलेला चिकनचा तुकडा दिसला की ओढ घेतं, आणि लीडच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस आहे त्याला ती ओढ कशासाठी आहे हे कळत नाही, तो तोल जाऊन पडू शकतो. आजी-आजोबांना हे एवढं सविस्तर सांगितलं की ते ऐकतात. त्यांच्या हातात मापातले दाणे द्या आणि पिल्लू बसलं की द्यायला सांगा, दोघंही खूश.

जग दाखवायचं

तीन आठवड्यांपासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाचं मन सगळ्यात मोकळं असतं, त्या काळात जे शांतपणे पाहिलं ते नंतर नेहमीचं वाटतं. अडचण ही की लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला बाहेर जमिनीवर ठेवता येत नाही. उपाय सोपा आहे, कडेवर घ्या. स्टेशनच्या बाहेर दहा मिनिटं बसा, शाळा सुटायच्या वेळी लांब उभे राहा, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ट्रॉल्यांचा खडखडाट ऐकवा. छत्री, हेल्मेट, दाढी, व्हीलचेअर, पगडी, बुरखा, पांढरी काठी, हाय-व्हिज जॅकेट, सगळ्या प्रकारची माणसं बघू द्या. घरातही कुकरची शिट्टी, मिक्सर, घंटा आणि आरती हे सगळं आहेच, त्या बाबतीत आपलं पिल्लू इतरांपेक्षा पुढे असतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दाखवायचं म्हणजे ढकलायचं नाही. पिल्लू मागे सरकलं, कान मागे गेले, जांभया द्यायला लागलं, खाऊ घेईना, तर लांब जायचं, जिथून ते आरामात बघू शकेल तिथे थांबायचं, आणि बघितल्याबद्दल दाणा द्यायचा. गणेशोत्सवात मंडळाच्या हॉलमध्ये ढोल-ताशा असेल तर पिल्लाला आत न्यायचं नाही, बाहेर पार्किंगच्या टोकाला उभं राहून लांबून ऐकवलं तरी भरपूर. एकदा जोरात घाबरलेलं पिल्लू पूर्वपदावर यायला खूप दिवस लागतात आणि कधीकधी तेवढ्या एका भीतीपायी त्याचं काम हुकतं.

लस झाल्यावर चालायला लागायचं, आणि फिरणं छोटं ठेवायचं, किती ते सुपरवायझर वयाप्रमाणे सांगतो. वेगवेगळे पृष्ठभाग मुद्दाम शोधा, लोखंडी जाळी, गुळगुळीत टाइल्स, खडी, लाकडी पूल, पायऱ्या. लंडनच्या ट्यूबमध्ये एस्कलेटरवर कुत्र्याला उचलूनच न्यायचा नियम आहे, पंजा अडकून भयंकर जखम होते, म्हणून लहान असताना उचला आणि वजन पेलेनासं झालं की लिफ्ट किंवा जिना.

रोजचे शिष्टाचार

चालताना पिल्लू आपल्या डाव्या बाजूला आणि किंचित पुढे हवं, लीड सैल. पायाला चिकटून चालणारं कुत्रं बाकीच्या लोकांना शहाणं वाटतं पण गाइड डॉगला पुढे राहूनच वाट दाखवायची असते, तेव्हा मागे खेचून हील शिकवू नका.

अंगावर उड्या मारू द्यायच्या नाहीत. आठ आठवड्यांच्या गोळ्याने उडी मारली तर गोड वाटतं, तीस किलोच्या लॅब्राडोरने न दिसणाऱ्या माणसावर किंवा त्याच्या म्हाताऱ्या आईवर मारली तर कुणीतरी पडतं. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच लाड. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दारातच हे सांगायचं, आणि मुलांच्या मित्रांना आधी.

दार उघडलं की थांबायचं, ही सवय अगदी पहिल्या महिन्यापासून. दार उघडताना कुत्रा कुठे आहे हे ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी बाहेर सटकणारं कुत्रं हा जीवघेणा प्रकार आहे. बॉल फेकून खेळायचा नाद लावू नका, पार्कमधून दुसऱ्या कुणाचा बॉल गेला तरी त्याचं लक्ष कामावर राहायला हवं. ओढाओढीची खेळणी, लपवलेला खाऊ शोधणं, चावायची खेळणी असं बाकी खेळा भरपूर.

रोज पाच मिनिटं अंगावरून हात फिरवायचा, कान उचलून बघायचे, ओठ वर करून दात, पंजे, नखं, पोट, शेपटी, मग ब्रश. कारण पुढचा मालक कुत्र्याची तब्येत हातांनीच तपासणार आहे, कानाला हात लावल्यावर मान झटकणारं कुत्रं आजारी पडलं तरी त्याला कळणार नाही.

आणि काही न करता बसणं शिकवा. हे कुणाला शिकवणं वाटतच नाही, पण ऑफिसच्या टेबलाखाली, ट्रेनमध्ये, डॉक्टरकडे, लग्नात, गाइड डॉगच्या आयुष्याचा केवढा तरी भाग नुसतं पडून राहण्यात जातो. चटईवर आडवं झालं की शांतपणे एक दाणा ठेवायचा, काही बोलायचं नाही, परत आपलं काम. आमच्याकडे लॅपटॉपवरच्या मीटिंग म्हणजे याचा क्लासच असतो.

दुकानं, बस, कॅफे

पिल्लाचं निळं जॅकेट घातलं की आपल्याला कुठेही जाता येतं असं लोकांना वाटतं. तसं नाही. इक्वॅलिटी ॲक्ट २०१० ने अपंग व्यक्तीला तिच्या ट्रेन केलेल्या कुत्र्यासकट सेवा मिळवायचा हक्क दिलाय, वाढत्या पिल्लाला घेऊन फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना तो हक्क नाही. म्हणून प्रत्येक नव्या ठिकाणी आधी विचारा, नाही म्हणाले तर थँक यू म्हणून बाहेर पडा, वाद घालू नका. त्या दुकानात उद्या एखादा गाइड डॉगचा मालक जाणार आहे, ज्याला नाही म्हणायचा दुकानदाराला कायद्याने अधिकार नाही, आणि तरीही असे नकार त्यांच्या वाट्याला येतात, आपल्या वागण्यामुळे त्यांची वाट आणखी अवघड होता कामा नये.

लोक हात लावायला येतात, न विचारता. आत्ता शिकतोय, थोडं थांबाल का, एवढं हसून म्हटलं की बहुतेक जण ऐकतात. पिल्लू आधी शांत बसलं तर हात लावू द्या, नाहीतर नाही.

दिवाळी आणि पाच नोव्हेंबर

दिवाळी आणि इथली बॉनफायर नाइट काही दिवसांच्या अंतराने येतात, आणि इंग्लंड-वेल्समध्ये एरवी रात्री ११ नंतर फटाके बंद असतात पण दिवाळीच्या रात्री १ पर्यंत आणि ५ नोव्हेंबरला १२ पर्यंत परवानगी असते. त्या दिवसांत दिवसाउजेडीच फिरून या, संध्याकाळी पडदे लावा, टीव्ही चालू, बिझी लीडवर, कारण घाबरून कुंपणावरून उडी मारणारी कुत्री दरवर्षी हरवतात. त्या वर्षी आपल्या घरी फटाके नाहीत हे मुलांना सप्टेंबरातच सांगा. फराळाचे डबे वर. रांगोळी दाराबाहेर. पणत्या खाली ठेवायच्या असतील तर पिल्लू दुसऱ्या खोलीत, कुणाच्या तरी सोबत.

सहा महिन्यांनंतर

सगळं छान बसलेलं असतं आणि अचानक ते ऐकेनासं होतं. शिट्टीला मान फिरवून बघतं आणि वास घेत राहतं, लीड ओढतं, कालपर्यंत न दिसलेल्या कचऱ्याच्या डब्यावर भुंकतं. हे वय असतं. यात आवाज चढवून काही मिळत नाही. लांब लीड लावा, सोप्या पायरीवर परत या, चांगलं केलेलं बघून बघून दाणे द्या, आणि झोप वाढवा, या वयात दमलेलं कुत्रं जास्त उच्छाद मांडतं. खूप जण याच टप्प्यावर हे आपल्याला जमणार नाही असं मनाशी ठरवून टाकतात आणि कुणाला सांगत नाहीत. सांगा. सुपरवायझर येऊन बघतो, चालून दाखवतो, गरज पडली तर काही दिवस पिल्लू दुसरीकडे ठेवतात.

परत देणं

साधारण बारा ते सोळा महिन्यांचं झालं की पत्र किंवा फोन येतो. मुलांना पहिल्या दिवसापासून हे पिल्लू कुणाचं तरी आहे असंच सांगितलेलं असलं तरी रडायला येतंच, मोठ्यांनाही, आणि यावं. त्या महिन्यात नवीन काही सुरू करू नका, रोजचंच ठेवा. त्याच्या सवयी लिहून द्या, कशाला बिचकतं, कुठे खाजवलेलं आवडतं, गाडीत उलटी होते का, यातली लपवाछपवी कुत्र्याला महागात पडते. ट्रेनिंगच्या काळात ते दिवसा ट्रेनरकडे आणि संध्याकाळी दुसऱ्या एका स्वयंसेवकाच्या घरी असतं, म्हणजे तिथेही त्याला सोफा-टीव्ही-माणसं असं घर मिळतंच.

सगळीच पास होत नाहीत. तब्येतीमुळे, एखाद्या भीतीमुळे, कधी नुसता स्वभाव वेगळा म्हणून. मग काही दृष्टी नसलेल्या मुलांचे सोबती म्हणून बडी डॉग होतात, काही दुसऱ्या संस्थांकडे जातात, काही घरी दत्तक दिली जातात. जे पास होतं त्याच्या जोडीदाराची, म्हणजे ज्या अंध माणसाकडे ते जातं त्याची, थोडी माहिती आणि फोटो आपल्याला मिळतो, आणि त्यांची इच्छा असेल तर पुढे ओळखही होते. ती त्यांच्या मर्जीवर सोडायची, आपण मागे लागायचं नाही.

घरात वर्षभर पिल्लू ठेवणं आत्ता शक्य नसेल तर वाढवणारे सुट्टीवर गेले की काही दिवस सांभाळणारे लागतात, ट्रेनिंगमधल्या कुत्र्यांना संध्याकाळ आणि रात्रीपुरतं ठेवून घेणारे लागतात, नुसती गाडीने ने-आण करणारेही लागतात. दोघं नोकरी करणाऱ्यांना संध्याकाळ-रात्रीचं काम बऱ्याचदा जमून जातं. आणि लॅब्राडोरएवढं मोठं कुत्रं नकोच असेल तर बकिंगहॅमशरमधली हिअरिंग डॉग्ज फॉर डेफ पीपल ही संस्था कॉकर स्पॅनियल, कॉकापू अशी छोटी पिल्लंही वाढवायला देते, तर अपंग व्यक्तींसाठी मिडहर्स्टची कनाइन पार्टनर्स आणि बॅनबरीची डॉग्ज फॉर गुड आहे. तुमच्या पोस्टकोडजवळ कुणाचे स्वयंसेवक आहेत ते आधी बघा, कारण क्लास आणि भेटी आठवड्या-पंधरवड्याला असतात आणि पिल्लाला घेऊन दीड तास गाडी चालवणं काही दिवसांतच नकोसं होतं.